चाकांवरची घरे आणि म्हातारपणाच्या गप्पा

दोन म्हातारी माणसे एकत्र बसली की बोलणे गुडघेदुखीवर येते, हा अनुभव आपल्या प्रत्येक वस्तीतला आहे. पण गुडघ्यावरून टायरवर, टायरवरून रक्तदाबावर आणि रक्तदाबावरून बॅटरीच्या पाण्यावर बोलणे जाते, हे आम्ही प्रथम ऐकले ते अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील एका उघड्या माळावर. त्या माळाची आणि तिथल्या माणसांची हकीकत आमच्या वाचकांना सांगावी, म्हणून हा लेख.

आमची मुलगी फिनिक्स शहरात नोकरीला आहे. २०२४ च्या जानेवारीत आम्ही दोघे तिच्याकडे होतो. आमच्या दोघांपैकी एकाची हयात रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली, तर दुसरीची महापालिकेच्या इस्पितळात आया म्हणून. मुलगी म्हणाली, “उंच इमारती पाहून तुम्ही कंटाळाल. तुमच्यासारखीच निवृत्त माणसे जिथे जमतात तिथे नेते.” तिने चार दिवसांसाठी एक छोटी मोटारहोम भाड्याने घेतली आणि आम्ही दहा नंबरच्या महामार्गाने पश्चिमेला निघालो.

फिनिक्सपासून सुमारे २०० किलोमीटरवर, कॅलिफोर्नियाच्या सीमेच्या अलीकडे, क्वार्ट्‌झसाइट नावाचे गाव आहे. २०२० च्या शिरगणतीत गावाची वस्ती अडीच हजारांच्या आत भरली. चहूकडे वाळवंट, खडी, काटेरी झुडपे आणि उघडेबोडके डोंगर. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. हिवाळ्यात मात्र दिवस उबदार आणि रात्री कडक थंडीच्या. तेव्हा उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतून आणि कॅनडातून हजारो निवृत्त माणसे आपापली चाकांवरची घरे घेऊन येथे उतरतात. त्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणजे हिमपक्षी म्हणतात. जानेवारीत गावात या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरते. ते १९८४ पासून चालू आहे.

मोटारहोम म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. एस.टी.एवढी मोठी गाडी असते. तिच्यात पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणी आणि संडास. कुणाची गाडी आलिशान बंगल्यासारखी, तर कुणी साध्या मालवाहू व्हॅनमध्ये गादी टाकून राहिलेला. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा विस्तीर्ण सरकारी माळ आहे. केंद्र सरकारच्या जमीन खात्याने १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगाम येथे ठरवून दिला आहे. बरीच वर्षे या संपूर्ण हंगामाचे शुल्क १८० डॉलर होते. त्यात पिण्याचे पाणी, कचरा टाकण्याची सोय आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याची जागा मिळते. विजेची जोडणी नाही. गावाच्या आसपास काही सरकारी जमिनींवर तर १४ दिवस फुकट राहता येते.

आमची गाडी जिथे उभी राहिली तिथे पाच-सहा गाड्यांचे एक वर्तुळ होते. सकाळी आठच्या सुमारास ऊन अंगावर आले, की प्रत्येक जण घडीची खुर्ची आणि कॉफीचा पेला घेऊन मध्ये येऊन बसे. ओरेगॉन राज्यात ट्रक चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ, मिशिगनच्या मोटार कारखान्यातले एक इलेक्ट्रिशियन आणि त्यांची पत्नी, कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतातले शेतकरी जोडपे, आणि मिनेसोटातल्या ७४ वर्षांच्या एक शिक्षिका. त्या एकट्याच होत्या. तिकडे ऐंशी वर्षांच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात. ते आमच्या तोंडी काही केल्या येईना. म्हणून आम्ही आपसात ट्रकवाले दादा, वायरमन दादा, बाई असेच म्हणू लागलो. पुढे मुलीने ते त्यांना समजावून सांगितले, तेव्हा ट्रकवाले दादा खूश झाले आणि सगळ्यांना तसेच हाक मारायला सांगू लागले.

टायरचे वय आणि माणसाचे वय

पहिल्या सकाळी बोलणे टायरवर चालले होते. प्रत्येक टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मोटारहोम वर्षातले कित्येक महिने एका जागी उभी असते. त्यामुळे टायरची नक्षी झिजत नाही आणि तो नवा दिसतो. पण उन्हाने रबर वाळते, त्याला चिरा पडतात आणि भर रस्त्यात टायर फुटतो. म्हणून नक्षी कितीही चांगली असली तरी सहा-सात वर्षांनी तो बदलावा, असे जाणकार सांगतात.

ट्रकवाले दादा म्हणाले, “माझ्या छातीचेही तसेच झाले. वरून ठणठणीत होतो. आत नळी तुंबलेली होती.” त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवलेले आहेत. मग कुणाला किती स्टेंट, कुणाचा गुडघा कोणत्या साली बदलला, हे त्याच ओघात निघाले. टायरच्या आणि गुडघ्याच्या तारखा सगळ्यांना सारख्याच पाठ.

त्यानंतर फ्रीजचा विषय. जुन्या मोटारहोममधला फ्रीज आपल्या घरातल्यासारखा मोटारीवर चालत नाही. त्यात गॅसच्या छोट्या ज्योतीने अमोनिया तापवतात आणि त्या अमोनियाच्या फिरण्याने थंडावा येतो. गाडी तिरकी उभी असेल तर ते फिरणे अडते आणि फ्रीज बिघडतो. म्हणून गाडी लावल्यावर ही मंडळी प्रथम पाणसळ ठेवून चाकांखाली फळ्या सरकवतात. आमच्या घरच्या फिटरला हे फार आवडले. शेतकरी काकूंना त्याची वेगळी काळजी. त्यांचे इन्सुलिन त्याच फ्रीजमध्ये होते. गाडी सपाट उभी नसेल तर औषध खराब.

छताच्या सांध्यांतून पाणी गळू नये म्हणून तिथे दरसाल चिकट लेप लावावा लागतो, जसे आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर पत्र्याला डांबर लावतात. पण शिडीवर चढणार कोण? सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, की त्याचा प्रवासच संपला. त्या वर्तुळात वायरमन दादा ६३ वर्षांचे, म्हणजे सर्वांत तरुण. म्हणून सगळ्यांच्या छतावर तेच चढत. त्याच्या बदल्यात बाई त्यांचे पेन्शनचे आणि विम्याचे कागद वाचून, भरून देत. आमच्यातल्या फिटरने बाईंच्या पाण्याच्या पंपाचा गळका सांधा टेप गुंडाळून घट्ट करून दिला, तेव्हा आम्हीही या देवाणघेवाणीत आलो. इंग्रजी मोडके असले तरी पान्हा धरलेला हात सगळीकडे ओळखला जातो.

ज्याची घाण त्याच्या हाती

मोटारहोमला सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. न्हाणी आणि मोरीचे पाणी करड्या टाकीत, संडासाचे काळ्या टाकीत. टाकी भरली की गाडी ठरलेल्या जागी न्यायची, जाड नळी जोडायची, आधी काळी टाकी सोडायची आणि मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे घालून हे काम प्रत्येक जण स्वतः करतो. आमच्या पुढे रांगेत लाखो डॉलरच्या गाडीतले एक निवृत्त बँक अधिकारी होते, मागे जुन्या व्हॅनमधला एक सुतार. दोघांच्या हातात तशीच नळी. कोणती नळी गळत नाही, कोणते औषध टाकले म्हणजे वास येत नाही, याची चर्चा दोघे मन लावून करत होते. त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता. आम्ही दोघे तिथे थोडा वेळ गप्प उभे राहिलो. कारण काय, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

दुखण्याचा बाजार

तब्येतीच्या गप्पांत खर्चाचा भाग मोठा. अमेरिकेत वयाच्या ६५ व्या वर्षापासून ‘मेडिकेअर’ हा सरकारी आरोग्य विमा मिळतो. त्याचा कायदा १९६५ साली झाला. इस्पितळ आणि डॉक्टरचा बराच खर्च त्यातून निघतो. परंतु मूळ मेडिकेअरमध्ये दातांची नेहमीची कामे, चष्मा आणि श्रवणयंत्र बसत नाही. म्हणजे म्हातारपणी जे आधी जाते, दात, डोळे आणि कान, तेच बाहेर! शिवाय खासगी कंपन्यांमार्फत मेडिकेअर घेणाऱ्यांना बहुधा आपल्या भागातल्याच ठरावीक डॉक्टरांकडे जावे लागते. ज्याचे घरच चाकांवर, त्याचा भाग कोणता? या प्रश्नावर तिथे तासभर बोलणे चाले.

दातांवर त्यांनी तोडगा काढलेला आहे. दक्षिणेला यूमा शहराजवळ सीमा ओलांडली की मेक्सिकोतले लॉस अल्गोदोनेस हे छोटे गाव लागते. तिथे शेकडो दंतवैद्य दुकाने थाटून बसले आहेत. लोक त्याला गमतीने ‘दाढांचे गाव’ म्हणतात. अमेरिकेच्या हद्दीत गाडी लावायची, पायी सीमा ओलांडायची, दात आणि चष्मा करून संध्याकाळी परत. कोण चांगला, कुणाची कवळी टोचते, याची खबर कॉफीबरोबर फिरत असते.

शेतकरी जोडप्याची अडचण वेगळी. त्यांच्या सस्काचेवान प्रांतात १९६२ पासून डॉक्टरचा सरकारी विमा आहे. त्याचा त्यांना मोठा अभिमान. पण अमेरिकेत तो फारसा उपयोगी पडत नाही. प्रवासाचा वेगळा विमा काढावा लागतो आणि वयाबरोबर, आजाराबरोबर त्याचा हप्ता चढतो. काकू म्हणाल्या, “यंदा विम्याचे पैसे पेट्रोलपेक्षा जास्त झाले. पुढच्या वर्षीचे पाहू.”

ॲरिझोनाच्या धुळीत एक बुरशी असते. ती श्वासावाटे छातीत गेली तर ‘व्हॅली फीवर’ नावाचा आजार होतो. खोकला, ताप, थकवा. डॉक्टरही कधी न्यूमोनिया समजून औषध देतात. घरी परत गेल्यावर खोकला राहिला तर “मी ॲरिझोनात होतो” हे डॉक्टरला आपण होऊन सांगायचे, असे प्रत्येक नवख्याला बजावले जाते. आम्हालाही बजावले.

बॅटरी आणि झोप

तिसऱ्या सकाळी जे घडले त्याने या गप्पांचा अर्थ आम्हाला कळला. बाई दोन दिवस खुर्चीतच पेंगत होत्या. सकाळी डोके दुखते म्हणत. आमच्यातल्या इस्पितळवालीच्या ते लक्षात आले होते. ती मुलीला म्हणाली, “यांना विचार, रात्री श्वास अडतो का?” बाईंना झोपेत श्वास थांबण्याचा विकार होता. त्यासाठी रात्री नाकावर मुखवटा लावून हवा देणारे यंत्र त्या वापरत. तेवढ्यात वायरमन दादांनी दुसराच प्रश्न विचारला, “तुमच्या बॅटरीत पाणी शेवटचे कधी घातले?”

बाई गप्प झाल्या. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. बॅटरीची झाकणे उघडत नव्हती आणि कुणाला सांगणे जिवावर येत होते. वायरमन दादांनी डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे घालून झाकणे उघडली. आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. बॅटरी मध्यरात्रीच मान टाकत होती, त्यामुळे यंत्र बंद पडत होते आणि बाईंची झोप व श्वास दोन्ही तुटत होते. शुद्ध पाणी भरून एक बॅटरी सावरली, दुसरी बदलावी लागली. यंत्रातली हवा ओलसर करणारी तापपट्टी बंद ठेवली तर वीज पुष्कळ कमी लागते, हेही त्यांनी दाखवून दिले. चौथ्या दिवशी सकाळी बाई पेला घेऊन सर्वांच्या आधी येऊन बसल्या होत्या.

शेजारी रोज बॅटरीचे बोलत नसते, तर त्या पेंगण्याचा आणि बॅटरीचा संबंध कुणाच्या ध्यानात आला असता? त्या माळावर कुणाचे नातेवाईक जवळ नाहीत. मुले हजार-हजार मैलांवर. इस्पितळ पार्कर गावी, सुमारे ५५ किलोमीटरवर. अशा ठिकाणी दुरुस्तीच्या आणि दुखण्याच्या गप्पा हाच शेजारधर्म आहे. कुणी “तुम्ही आजारी आहात का?” असे थेट विचारत नाही. माणूस संकोचतो. “पंप कसा आहे, गॅस पुरतो का?” असे विचारतात आणि उत्तर देणाऱ्याच्या आवाजाकडे लक्ष ठेवतात. एकट्या माणसाने सकाळी खिडकीचा पडदा वर करायचा, नऊपर्यंत वर गेला नाही तर शेजाऱ्याने दार वाजवायचे, असाही त्या वर्तुळात नियम होता.

एक गोष्ट आपणही आजच करू शकतो. प्रत्येकाच्या फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर नाव, वय, आजार, चालू असलेली औषधे, कोणते औषध सोसत नाही ते, आणि कुणाला फोन करायचा तो नंबर. रुग्णवाहिकेचे लोक आले तर विचारत बसायला नको.

किल्ली कधी खाली ठेवायची

शेवटच्या संध्याकाळी ट्रकवाले दादा गिअरबॉक्सबद्दल बोलत होते. पुढचा हंगाम ती काढेल असे वाटत नाही, दुरुस्तीला फार खर्च आहे, गाडी विकावी काय, वगैरे. आमच्या फिटरने गाडी चालताना ऐकली होती. गिअरबॉक्सला काही झालेले नव्हते. मग हळूहळू निघाले. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. समोरच्या वस्तूचा मधला भाग पुसट दिसू लागला होता. सारा जन्म ज्याने ट्रक चालवला, त्याला “मला आता दिसत नाही” हे म्हणवत नव्हते, म्हणून तो दोष गिअरबॉक्सवर घालत होता. कुणी त्यांना खोटे पाडले नाही. शेतकरी काका एवढेच म्हणाले, “तशी गिअरबॉक्स असेल तर रस्त्यावर घेऊ नये. दुसऱ्याचा जीव जाईल.” दादांनी मान हलवली.

गाडी थांबल्यावर जायचे कुठे, हा या सर्वांचा खरा प्रश्न आहे. १९७८ साली जो आणि के पीटरसन या दांपत्याने अशा प्रवाशांची ‘एस्केपीज’ नावाची संघटना काढली. तिच्या पुढाकाराने टेक्सास राज्यात लिव्हिंगस्टन येथे एक केंद्र उभे राहिले. गाडी चालवता न येणाऱ्या वृद्धांनी आपली मोटारहोम तिथे कायमची लावायची आणि आपल्याच पलंगावर झोपायचे. जेवणाची, डॉक्टरकडे नेण्या-आणण्याची आणि देखभालीची व्यवस्था केंद्राने करायची. बाईंनी त्याची माहिती दादांना कागदावर लिहून दिली. त्यांनी तो कागद न वाचता खिशात ठेवला. पण फेकला नाही.

हौस कुणाची, नाइलाज कुणाचा

हे सारे हौसेने फिरतात असे कुणी समजू नये. २००८ च्या मंदीत अनेकांची घरे आणि आयुष्याची शिल्लक गेली. भाडे परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये राहणारे, सत्तरीत हंगामी मजुरी करणारे वृद्ध याच माळावर भेटतात. जेसिका ब्रुडर यांनी त्यांच्यावर लिहिलेले ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ साली निघाले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

आणखी एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली नाही. चार दिवसांत आम्हाला काळ्या वर्णाची माणसे अगदी मोजकी दिसली. अमेरिकेत म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा १९३५ साली झाला, तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य काळे कष्टकरी नेमकी हीच कामे करत होते. १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी त्यांतल्या बहुतेकांना दार उघडले. दिसणाऱ्या गोष्टीला कारणे अनेक असतील. पण निवांत म्हातारपणाची बेरीज आधीच्या पिढीच्या मजुरीपासून सुरू होते, एवढे मात्र खरे.

त्याच १९३५ साली क्वार्ट्‌झसाइटच्या स्मशानात दगडांचे एक छोटे पिरॅमिड उभारले गेले. त्याच्या टोकावर तांब्याचा उंट आहे. हाजी अली नावाचा उंटवाला १८५६ साली अमेरिकी सैन्याच्या उंटांबरोबर समुद्र ओलांडून आला. लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचे ‘हाय जॉली’ झाले. सैन्याने उंटांचा प्रयोग सोडून दिला, तो मात्र याच वाळवंटात राहिला आणि १९०२ साली येथेच वारला. आम्ही तिथे गेलो तेव्हा दोन वृद्ध प्रवासी कठड्याला टेकून बोलत उभे होते. एकाचा खुबा बदलायचा होता, दुसऱ्याच्या गाडीचा आस.

आपल्या चाळीत, वस्तीत, विहारासमोरच्या कट्ट्यावरही अशा गप्पा रोज चालतात. घरातली तरुण मंडळी म्हणतात, “यांचे तेच ते रडगाणे.” त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की ते बोलणे नीट ऐका. पंखा आवाज करतो, नळाला पाणी कमी येते, जिना उंच वाटतो, असे घरातले वडीलधारे पुन्हा पुन्हा सांगत असतील, तर एकदा पंख्याकडे पाहा आणि एकदा त्यांच्याकडे.